मनीषाचा पीएफ, श्रावणीचा पीएफ

“म्याडम, फारम भरून आनलाय. तुमी फकस्त बटन दाबा,” म्हणत तात्यांनी कागद माझ्या टेबलावर ठेवले. लोकांची टॅक्सची, पीएफची कामं मी करून देते.

तात्या पारनेरजवळच्या गावातले, एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. मुलगा आणि सून श्रावणी दोन वर्षांपूर्वी कॅनडाला गेले. तिथे सुनेला नर्सिंगचा कोर्स करायचा होता आणि फीची तारीख तोंडावर आली होती. जाण्याआधी तिने सुप्याच्या एका कंपनीत तीन वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काम केलं होतं. तो पीएफ हातात आला की फी भागत होती, जेमतेम.

मी बटण दाबलं नाही. पाच वर्षं नोकरी व्हायच्या आत पीएफ काढला तर त्यावर टॅक्स लागतो. त्यात माणूस परदेशात स्थायिक, म्हणजे एनआरआय असेल, तर पैसे मिळण्याआधीच तीस टक्क्यांच्या आसपास टीडीएस कापला जातो. रिटर्न भरून तो मागता येतो, पण मिळेपर्यंत वर्ष जातं. कॉलेज तेवढं थांबत नाही.

“मग ते फिफ्टीन-जी भरा की. आमच्या डेपोतल्या समद्यांनी भरलंय.”

फिफ्टीन-जी म्हणजे ‘माझं उत्पन्न टॅक्स लागण्याइतकं नाही, कापू नका’ असं लिहून देणं. एनआरआयला ते देता येत नाही. तसं सांगितल्यावर तात्यांचा चेहरा उतरला.

“लग्नाआधी ती कुठं नोकरीला होती का?” मी विचारलं. हा प्रश्न मला सुचतो, कारण माझंही नाव लग्नात बदललं. डिग्री एका नावाची, दारावरची पाटी दुसऱ्या.

“न्हाई. घरीच हुती.”

मी श्रावणीला व्हिडिओ कॉल लावला. तिने आधी सासऱ्यांकडे पाहिलं आणि मग म्हणाली, “आठवत नाही, मॅडम.” स्वतःची नोकरी न आठवणारी क्वालिटी इन्स्पेक्टर मी पहिल्यांदाच पाहत होते.

संध्याकाळी तिचाच फोन आला. “मॅडम, सुप्यातच दुसऱ्या कंपनीत अडीच वर्षं होते. मावशीकडं राहून. तेव्हा मी मनीषा होते.”

नोकरी करणारी मुलगी नको म्हणतील, म्हणून स्थळ बघताना मावशीने कंपनीचा विषयच काढू दिला नव्हता. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने ‘श्रावणी’ लिहिलं गेलं, पाठोपाठ आधार, पॅन सगळं बदललं. गंमत अशी, की चार महिन्यांत तात्याच तिला मोटरसायकलवरून नव्या कंपनीच्या बसपर्यंत सोडू लागले. आता खरं कसं सांगणार? तिने अर्जात पहिलीच नोकरी असं लिहिलं. नवा पीएफ नंबर निघाला, जुना मनीषाच्या नावाने पडून राहिला.

“ते पैसे मी दादांना द्यायचा शब्द दिलाय,” ती म्हणाली. दादा म्हणजे तिचे वडील, नेवाशात शिंपीकाम करतात. “त्यांनी मशिनवर बसून मला शिकवलं.”

मी तिला समजावलं. जुनं खातं नव्यात ट्रान्सफर केलं की नोकरीची वर्षंही जोडली जातात. अडीच आणि तीन, साडेपाच. मग टॅक्स नाही. पण मनीषा आणि श्रावणी एकच, हे जुन्या कंपनीकडून लिहून आणायला हवं, आणि इकडे धावपळ करणारे फक्त तात्या.

“मी कुणाचं गुपित फोडत नाही. सांगायचं तर तूच सांग. नाहीतर टॅक्स कापू दे.”

“सांगते,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तात्या दहालाच हजर. मी उगाच फायली सारख्या करत बसले.

“पोरीनं सांगितलं. बापासाठी ठिवलं, त्यात लपवन्यासारखं काय हुतं? आमी कदी इचारलंच न्हाई, ती चूक आमची.” मग टोपी मांडीवर ठेवून म्हणाले, “कागद कुठले लागत्यात ते लिवून द्या. मोठ्या अक्षरात.”

इतक्या वर्षांत मी या टेबलापलीकडे पुष्कळ सासरे पाहिलेत. त्या दिवशी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

ते नेवाशाला गेले. दादांनी मशिनच्या खणात मुलीचं जुनं अपॉइंटमेंट लेटर आणि गेटपास जपून ठेवला होता. मग दोघं व्याही मिळून सुप्याला. एचआरवाले म्हणाले, मुलीला घेऊन या. तात्यांनी विचारलं, “क्यानडाची येष्टी कवा हाय?” तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला सहीशिक्का मिळाला.

खाती जुळली, क्लेम पास झाला. नोकरी सुटल्यानंतर जमलेल्या व्याजावर टॅक्स लागतो, तेवढा तिने भरला. कॅनडात काय दाखवायचं ते तिकडच्या जाणकाराला विचार, मी तिला म्हणाले. तो माझा प्रांत नाही. फी वेळेत गेली. जुन्या खात्याचे पैसे दादांकडे गेले. ते तात्यांना नको नको म्हणत होते. तात्या म्हणाले, “माझे हायेत का? मला कशाला सांगताय?”

तेव्हापासून समोर येणाऱ्या प्रत्येक बाईला मी आधीचं नाव विचारते आणि त्या नावाने कुठे नोकरी केली, तेही.

गेल्या महिन्यात तात्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न झालं. तांदळाचं ताट आलं, मुलाने अंगठी हातात घेतली, भटजींनी नवं नाव विचारलं. मागून तात्यांचा आवाज आला.

“हाय तेच लिव. सुप्याला लई हेलपाटे पडत्यात.”