बिनपाटीचा पूल

शहादा स्टँडवर उभा होतो. ठिबकचं सामान घ्यायला गेलो होतो, ते झालं होतं, आणि आता भास्करकडे चक्कर टाकावी म्हणून पेरूही घेतले होते. तेवढ्यात गावच्या सरपंच सुनंदाबाईंचा फोन आला. "आप्पा, भास्कर सर गयात…" मी खुळ्यासारखं विचारलं, "कोठे?" पलीकडे बाई रडायला लागल्या. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. गाड्या लागत होत्या, माणसं धावत होती, आणि मी पेरूची पिशवी धरून उभा. भास्कर सकाळी अंघोळीला जातो म्हणून उठला आणि खाटेवरच बसला, एवढंच नंतर कळलं. हृदयाने दगा दिला. त्याचं घर तिथून चालत जाण्याएवढं जवळ होतं, म्हणून मी चालतच गेलो. पेरू त्याच्या ओट्यावर ठेवले आणि आत गेलो.

दोन महिने होऊन गेले. लोक म्हणतात, आप्पा, तुम्ही त्याचे लहानपणचे सोबती, तुम्हीच लिहा. लिहितो. पण भास्करचं कौतुक करायचं तर त्याची एक फजिती आधी सांगावी लागेल, आणि ती सांगितल्याशिवाय तो माणूस कळायचा नाही. तो असता तर त्याने स्वतःच सांगितली असती, माझ्यापेक्षा रंगवून.

भास्कर शहाद्याला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचा. विषय स्थानिक स्वराज्य संस्था. मी त्याला म्हणायचो, "तू पोरांना ग्रामपंचायत शिकवतोस, आणि स्वतःच्या ग्रामपंचायतीत तुला कोण विचारत नाही." तो हसायचा. मग एका अभ्यासवृत्तीवर तो इंडोनेशियाला गेला. जावा बेटावरच्या एका खेड्यात एका विधवा बाईच्या घरी राहिला आणि तिथलं गाव कसं चालतं ते बघत बसला. परत आला तो दुसराच माणूस होऊन. काळी कॉफी पेल्यात तशीच ओतायचा, चाळणी नाही काही नाही, आणि गाळ खाली बसेपर्यंत आम्हाला पिऊ द्यायचा नाही. तोवर जावाच्या गोष्टी. तिथे एक माणूस बरीच वर्षं एकहाती राज्य करून बसला होता, तो गेल्यावर राजधानीने अधिकार खाली सोडले, जिल्ह्यांना, गावांना. गावाला निधी थेट येतो. रस्ता करायचा की बाजाराचे ओटे, ते गावाने ठरवायचं. गावप्रमुखाच्या निवडणुकीत चिन्हं कसली, तर भाताची लोंबी आणि मक्याचं कणीस. हे ऐकून आमच्या गावचा दगा आबा म्हणाला होता, "मंग मी केळना घड लिसू."

पण भास्करचा जीव अडकला होता तो त्यांच्या मुशावारात. आपला मशवराच तो, सल्लामसलत. गावाचा मांडव चारी बाजूंनी उघडा, खाली चटया, सगळं गाव बसतं. हात वर करून मोजणी नाही. बोलत राहायचं, सगळ्यांचं एक होईपर्यंत. भास्करचे डोळे चमकायचे हे सांगताना. मला म्हणायचा, "वसंता, मतदानात एक बाजू हरते आणि घरी जाऊन डूख धरते. तिथे कोणी हरतच नाही." त्याच्या घरमालकिणीचीही एक गोष्ट तो हमखास सांगायचा. अशीच एक मोठी सभा आटोपली, सगळ्यांचं एक झालं, भास्कर भारावून घरी आला आणि बाईला म्हणाला, तुमचं गाव धन्य आहे. बाई तांदूळ धूत होती. मान वर न करता म्हणाली, ठरलं होतं ते कालच, गावप्रमुखाच्या चुलीपाशी, आम्ही तर आज जेवायला गेलो होतो. हा किस्सा सांगून भास्कर खो खो हसायचा आणि आम्हीही हसायचो. वर्षानुवर्षं हसलो.

आता आमच्या गावाचं सांगतो. कोरीटच्या बाजूला तापीकाठचं आमचं गाव, जमीन काळी, कापूस आणि केळी. गावाला लागून नाला आहे आणि नाल्यापलीकडे भिल्लांची वस्ती. आमची वावरं त्यांच्या हातावर चालतात. शाळा, दवाखाना, दुकान, सगळं अलीकडे. पावसाळ्यात नाला भरला की वस्ती तिकडची तिकडे. पोरांची शाळा बुडते ती बुडतेच, आणि पुढे पुढे पोरंच शाळा सोडून देतात. वस्तीतली जमनाबाई म्हणून एक बाई आहे, माझ्याही वावरात तिने कापूस वेचलाय, हात चलाख आणि तोंड बंद. तिची नात चौथीत होती, हुशार. तिची शाळा नाल्याने सुटते की टिकते, एवढाच प्रश्न होता. भास्करला त्या पोरीचा फार लळा. सुटीच्या दिवशी गावी आला की तिच्याकडून पाढे म्हणून घ्यायचा.

पंचायतीकडे निधी आला. दोन कामं पुढे आली. एक, नाल्यावर फरशी पूल. दुसरं, गावाच्या तोंडाशी कमान, दोन बाजूंना दोन हत्ती. कमान दगा आबाच्या डोक्यातली. दगा आबा माझा चुलतभाऊ, गावात सगळ्यात जास्त जमीन त्याची. माणूस वाईट नाही. शेजारच्या सगळ्या गावांना कमानी झाल्या, आपलंच गाव नागडं दिसतं, असं त्याला मनापासून वाटायचं. भास्करला वाटलं, हीच वेळ. त्याने सुनंदाबाईंना पटवलं, या वेळी हात वर करायचे नाहीत, सूचक-अनुमोदक नाही, मारुतीच्या सभामंडपात सगळ्यांनी सतरंजीवर बसायचं आणि एकेकाला विचारायचं. वस्तीत तो आधी घरोघर जाऊन आला होता. घर न् घर म्हणत होतं, पूल पाहिजे. त्याला वाटलं, काम झाल्यात जमा आहे. मला म्हणाला, "तू फक्त बघ."

बघितलं. आमची माणसं खांबांना टेकून बसली. वस्तीची माणसं पायरीच्या कडेला, चपलांजवळ. भास्करने हाताला धरून चार जणांना पुढे आणलं, ते परत मागे सरकले. सुनंदाबाई एकेकाला विचारू लागल्या. आमची मंडळी म्हणाली, कमान. वस्तीचा पहिला म्हातारा उठला, दगा आबाकडे पाहिलं आणि म्हणाला, "गाव म्हनी तसं." दुसरा तेच. जमनाबाईची पाळी आली, तिने पदर नीट केला, "गाव म्हनी तसं." सगळ्यांचं एक झालं. ग्रामसेवकाने लिहिलं, सर्वानुमते मंजूर. भास्करचा चेहरा पाहवत नव्हता. दगा आबाने उलट त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "सर, तुम्हनी पद्धत एकदम झकास शे."

त्या पावसाळ्यात नाला नेहमीसारखाच वाहिला. पोरगी घरी बसली. पाणी ओसरल्यावर भास्कर जमनाबाईकडे गेला, मला सोबत घेऊन गेला. अंगणात शेळ्या, ती दाणे निवडत होती. त्याने सरळ विचारलं, त्या दिवशी बोलली का नाहीस? ती रागावली नाही, लाजलीही नाही. म्हणाली, "सर, ज्याना वावरमा सकाय कामले जानं शे, त्याले तोंडवर नही कसं म्हनानं? तुम्ही तं शहादानी गाडीमा बसीसन निंघी जातस."

परतताना नाल्याच्या मध्यावर, दगडावर पाय ठेवून भास्कर थांबला. म्हणाला, "वसंता, ती तांदूळ धुणारी बाई मला हेच सांगत होती रे… आणि मी ती गोष्ट हशासाठी वापरत राहिलो." मी समजावायला गेलो तर म्हणाला, गप्प बस. हात वर करायला लावले असते तरी बरं झालं असतं, चिठ्ठी टाकायला लावली असती तर आणखी बरं. मी तर प्रत्येकाला मालकासमोर उभं करून तोंडाने होकार वदवून घेतला. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, या लोकांसाठी करायला जावं आणि हेच असे. भास्करच्या तोंडून असलं वाक्य मी कधी ऐकलं नाही. चुकला की तो स्वतःवरच उखडायचा आणि मग कामाला लागायचा. मला तो सगळ्यात जास्त आवडला असेल तर त्या नाल्यात, चप्पल हातात घेऊन उभा असलेला.

मग त्याने मशवऱ्याची जागा बदलली. गावच्या सभेआधी वस्तीची सभा, वस्तीतच, चिंचेखाली. आमच्यापैकी कोणी जायचं नाही. सुनंदाबाईंनी सुरुवात करून द्यायची आणि निघून यायचं. मी म्हटलं, "तू तरी जाशील ना?" तर म्हणाला, मी तर मुळीच नाही. सभेच्या दिवशी आम्ही दोघं नाल्याच्या अलीकडच्या काठावर बाभळीखाली बसलो. पलीकडे चिंचेखाली माणसं दिसत होती, बाया हातवारे करताना दिसत होत्या, शब्द एकही ऐकू येत नव्हता. आयुष्यभर तोंड चालवलेला प्राध्यापक, त्याची काय तगमग. उठायचा, बसायचा, मान लांब करायचा. मी चिडवलं, "जाय ना मंग, ऐकी ये." तो म्हणाला, "बस रे. आपुन तठे ऱ्हायनूत तं त्या आपलासाठेच बोलतीन." उन्हं कलली तरी सभा चालूच. मला तर झोप लागली. जागा झालो तेव्हा तो तसाच पलीकडे पाहत बसला होता. इतका समाधानी मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

पुढच्या ग्रामसभेला वस्ती एकत्र आली आणि एकत्र बसली, या वेळी सतरंजीवर. जमनाबाई उठली आणि म्हणाली, आधी पूल. दगा आबा तडकला. "हाई डोकं कोनं शे?" त्याची नजर भास्करवर. जमनाबाई म्हणाली, "आम्हनं सगळास्नं." मग बायका उठल्या, म्हातारे उठले, एरवी चपलांजवळ बसणारं सगळं गाव उभं राहिलं. एकट्याला कामावरून काढता येतं. सगळ्यांना काढलं तर कापूस वेचणार कोण? दगा आबाला हा हिशोब कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याने मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "व्हऊ द्या." कमानीचे खांब तोवर उभे राहिले होते. ते अजून तसेच आहेत, हत्तींशिवाय, शेळ्या अंग घासतात त्यांना.

पुलाचं काम सरकारी चालीने चाललं. भास्कर दर सुटीला येऊन उभा राहायचा, गवंड्यांना भंडावून सोडायचा. स्लॅब पडला तेव्हा ओल्या सिमेंटवर पाय देऊ नका म्हणून ओरडला आणि स्वतःच पाय दिला. पुलाखालून पाणी वाहताना मात्र त्याने पाहिलं नाही. पाऊस यायच्या आधीच तो गेला. याचं मला वाईट वाटतं, फार वाटतं, आणि त्याला काही इलाज नाही.

तो गेल्यानंतरची पहिली ग्रामसभा. आधी श्रद्धांजली झाली. मग दगा आबा उठला. त्याचा आवाज भरून आला होता, खोटं नाही सांगत. म्हणाला, पुलाला भास्कर सरांचं नाव द्यायचं, संगमरवराची पाटी मी स्वतः बसवतो. सगळ्या मंडपाने माना डोलावल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ग्रामसेवकाने लिहायला सुरुवात केली. सुनंदाबाईंनी रिवाजाप्रमाणे विचारलं, सगळ्यांना मंजूर ना?

"नही."

जमनाबाई उभी होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसाने तुमच्यासाठी जिवाचं रान केलं, त्याच्या नावाला नाही? ती शांतपणे म्हणाली, "सर भला मानूस व्हतात. मन्ही नात शाळामा जाई ऱ्हायनी, आज सर ऱ्हातात तं ते पाहीसन हरखी जातात. पन पूल सरस्नी नही दिना. आम्ही मांगा, तव्हय व्हयना. नाव लायं तं उद्या पोऱ्या म्हनतीन, आम्हले सरनी दिना."

मी दगा आबाकडे पाहिलं, दगा आबाने माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी ती त्याच्याच वावरात निंदणीला जाणार होती, आणि हे त्यालाही माहीत होतं, तिलाही. आमच्या गावात, भर सभेत, त्याच्या तोंडावर, एकट्या बाईने नाही म्हटलं होतं आणि ती खाली बसलीही नव्हती. माझा राग कुठे गेला कळलं नाही. मी रडत होतो ते वेगळ्याच कारणाने, आणि हसतही होतो, शेजारचा मला धरायला धावला. दगा आबा हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मंग." ग्रामसेवकाने लिहिलेलं खोडलं.

या पावसाळ्यात नाला दोनदा भरून वाहिला. पोरं पुलावरून दप्तर हलवत शाळेत गेली, जमनाबाईची नात सगळ्यात पुढे. पुलावर कोणाचंच नाव नाही. परवा पाहणीला आलेल्या एका साहेबाने पाटी शोधली, सापडली नाही, तेव्हा त्या पोरीला विचारलं, हा पूल कोणी केला? पोरगी थांबलीसुद्धा नाही. चालता चालता म्हणाली, "आम्ही." भास्कर, तुला एवढंच सांगायचं होतं.