बांधावरची चाल

बायको गेल्याला आठ महिने झाले तरी मी रडलो नव्हतो. याची काळजी मला नव्हती, मुलीला होती. बाबांचा आतल्या आत दगड होईल, असं ती पुण्याहून फोनवर माझ्या बहिणीला सांगायची. शेवटी तिनं स्वतःची नि माझी अंदमानची तिकिटंच काढली. तिथं चालाल, डोंगर-समुद्र बघाल, मन मोकळं होईल, म्हणाली. घोडेगावच्या बाजाराला बैल न्यावा तसा मी तिच्यामागं निघालो.

चाललो खरा. आधी सुपारीच्या बागा, मग भातखाचरं, मग खारफुटीच्या चिखलावर टाकलेल्या फळ्या, मग भरदुपारी अंधारून आलेलं रान. आमच्याकडे महिनाभर पुरवून वापरलं असतं एवढं पाणी तिथं वाटेवरून नुसतं वाहून चाललं होतं. मुलगी सारखी माझ्या तोंडाकडे बघायची. छान आहे, असं मी म्हणायचो. खरं तर मला काहीच वाटत नव्हतं.

गावाकडं शेतात जाताना आम्हा नवरा-बायकोची एक रीत होती. बांध एका माणसापुरता. सापकिरडासाठी काठी आपटत मी पुढं, भाकरीचं फडकं घेऊन ती मागं. तिचे गुडघे दुखायचे. म्हणून वळण आलं की मी थांबायचो, मागं न बघता. तिच्या चपला जवळ वाजल्या की पुन्हा चालायला लागायचो. याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

त्या बेटावर टेकडीच्या चढाला मुलगी पुढं होती. एका वळणावर मी थांबलो. ती बरीच वर गेली होती, तिथून परत आली.

"बाबा, दम लागला का?"

"न्हाई. तुझ्या आईला येऊ दे."

बोलून गेल्यावर ध्यानात आलं. मला लाज वाटली. उगीच हातातली काठी आपटत राहिलो. मुलगी मला ओलांडून माझ्या मागं गेली.

"व्हा तुम्ही पुढं," ती म्हणाली. "मी येते मागून."

मी निघालो. मागं तिचे बूट वाजत होते. चपलांचा आवाज वेगळा असतो. पुढच्या वळणावर मी थांबलो, पावलं जवळ आली आणि मला रडू फुटलं. मागं बघायची सवय नव्हती, ते एक बरं झालं.