पडदेमामांच्या दंडावरचा गोळा

तिसरी घंटा होते. दिवे मंदावतात, खोकणारे घाईघाईने खोकून घेतात आणि जाड मखमली पडदा एका दमात वर जातो. समोर उजेडात रुबाबात उभा दिसतो तो नायक, म्हणजे त्या काळी मी. पण रसिकहो, जरा मान वळवून विंगेत बघा. बनियन घातलेला, दोरीला जवळजवळ लोंबकळणारा तो ठेंगणा माणूस दिसला? ते आमचे पडदेमामा. पडदा त्यांच्या हातांनी वर जायचा आणि टाळ्या मला पडायच्या.

मामांना त्या दोरीचा भारी अभिमान. कंपनीच्या कपड्यांना इस्त्री करणाऱ्या मामी म्हणायच्या, "लग्नात माझा हात धरला, तोही हिसका देऊनच!"

एका प्रयोगाला पडदा उचलताना मामांच्या खांद्यापाशी 'टक्' असा आवाज झाला. पडदा वर गेला आणि मामा खाली बसले. "काही नाही, शिवण उसवली असेल," म्हणाले. उघड्या दंडाला कसली आलीये शिवण, हे काही कोणी विचारलं नाही.

सकाळी उठून बघतात तो दंडावर, कोपराच्या जरा वर, मोसंब्याएवढा गोळा! दुसरा कोणी घाबरला असता. मामा आरशासमोर जाऊन उभे राहिले आणि मामींना म्हणाले,

"बघितलंस? इतकी वर्षं दोरी ओढली, आज फळ आलं!"

दिवसभर ते हात दुमडून, पुढे काढून हिंडत होते. ज्याला त्याला दाबून बघायचा आग्रह. आमचा खलनायक बाहीत कापूस भरून दंड फुगवायचा. त्याच्या पोटात दुखू लागलं.

"मामा, खाता तरी काय?"

"खाऊन होतंय होय? ओझं उचल, बाळा."

तो बिचारा दोन दिवस साऱ्या कंपनीच्या पाण्याच्या बादल्या वाहत होता.

दंडावर निळंजांभळं उतरलं, तेव्हा मामांनी ते पडद्याच्या रंगावर ढकललं. पडदा लाल होता. मामी मात्र फसल्या नाहीत. त्यांनी मला कोपऱ्यात गाठलं.

"भाऊ, ह्यांना कुलपात किल्ली फिरवता येत नाहीये. 'हात तेलकट आहेत, तू फिरव' म्हणतात. मालकांना कळलं तर दोरी काढून घेतील आणि तिकीट खिडकीत बसवतील. तिथे हा माणूस झुरून मरेल हो. तुम्ही ह्यांना घेऊन डॉक्टरकडे चला."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दंड चाचपला, मामांना तळहात उताणा करायला लावला आणि भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवलं.

"दंडाच्या ह्या पुढच्या स्नायूला वर दोन टोकं असतात, दोन्ही खांद्यापाशी बांधलेली. तुमचं एक तुटलंय. दोरी तुटली की पडदा खाली गोळा होतो ना? तसा हा स्नायू घसरून खाली गोळा झालाय."

"म्हणजे ही ताकद नाही?"

"नाही मामा. ही दुखापत आहे."

मामी तोंडावर हात ठेवून खुसखुसल्या. "आणि अख्ख्या कंपनीला हात लावून बघायला लावत होते!"

"मग माझी दोरी सुटली?" मामांनी विचारलं. मामींचं हसू तिथेच विरलं.

"दुसरं टोक शाबूत आहे," बाई म्हणाल्या. "शिवाय ह्याच्याखाली, हाडाला बिलगून आणखी एक स्नायू असतो. कोपर वाकवायचं मोठं काम तोच करतो. वरचा फुगतो, म्हणून लोकांना वरचा दिसतो."

मामा एकदम खुलले. "म्हणजे नाव वरच्याचं आणि मेहनत खालच्याची! मग आमच्या कंपनीत वेगळं काय आहे?"

तिघंही माझ्याकडे बघू लागली.

काही आठवडे दोरीला शिवायचं नाही, असा हुकूम झाला. तोवर दोरी मामींकडे आली. जड इस्त्री फिरवून त्यांच्या दंडाची मागची बाजू लोखंड झाली होती. पहिल्याच दिवशी पडदा असा सपकन वर गेला की आमची नायिका केस विंचरताना प्रेक्षकांना सापडली. स्टुलावरून मामा ओरडले, "अगं हळू! पडदा आहे तो, चादर झटकतेस का?"

दोरी मामींच्या हाती बघून मालकांना सगळं कळलंच होतं. ते आठवडे सरल्यावर ते म्हणाले, "मामांना एक प्रयोग देतो. पडदा अडखळला तर उद्यापासून खिडकी."

त्या प्रयोगाला मालक हाताची घडी घालून विंगेत उभे. मामी मामांच्या पाठीशी. मी रंगमंचावर माझ्या जागी, पण सगळा जीव दोरीत. मामांनी पाय रोवले, हात वर नेले आणि ओढलं. अर्ध्यावर माझा श्वास अडकला. पडदा नाही अडकला. सरळ छताला भिडला.

मालकांनी मामांच्या पाठीवर थाप मारली. "दोरी तुमचीच, मामा," म्हणाले आणि वळले.

पहिलं वाक्य मी कसंबसं उरकलं आणि विंगेकडे सरकलो. मामा दोरी धरून तसेच ताठ उभे होते.

"अहो, आता तरी सोडा," मामी कुजबुजल्या.

मामा ओठ न हलवता म्हणाले, "मालक जिना उतरले का बघ आधी. मूठ उघडत नाहीये."