पाल्याची काकू

काकू मजुरीहून घरी आली की तिच्या ओच्यात पाला असायचाच. घोळ, चिघळ, हरभऱ्याचे कोवळे शेंडे, बांधावरची पाथरी. दिसेल ते खुडून आणायची. गावानं तिचं नावच पाल्याची काकू पाडलं होतं. ती आमची सख्खी चुलती. आई-बाबा ऊसतोडीला गेले की मी आणि माझा दोन वर्षांचा भाऊ सोन्या गंगाखेडजवळच्या गावी तिच्याकडेच राहायचो.

त्या वर्षी सोन्याच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. अंगणवाडीच्या ताईंनी त्याचं वजन केलं आणि काटा पुन्हा एकदा तपासला. याच्या आधीचा आमचा भाऊ असाच वाळत वाळत गेला होता. सोन्या झोपला की मी त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे का बघायचे.

काकूही घाबरली होती, पण ती हात बांधून बसणारी नव्हती. दूध-अंडी परवडायची नाहीत. मग डाळीच्या पाण्यात घोळ शिजवायची, त्यात ज्वारीची भाकरी कुस्करायची, वर शेंगदाण्याचं कूट. "रान काय पैसे मागायलंय व्हय?" म्हणायची. हळूहळू सोन्या भिंत धरून उभा राहू लागला.

एका दुपारी तिनं बांधावरची पाथरी आणली. आमच्याकडे ती भाकरीसोबत कच्चीच खातात. सोन्या तिच्या मांडीवर बसून पानं चघळत होता. तेवढ्यात शेजारच्या शेताचे मालक दारावरून जाता जाता सहज सांगून गेले, की बांधावरचं काही खुडू नका, काल तणनाशक मारलंय. मारल्यावर एक-दोन दिवस तण हिरवंगारच दिसतं. काकूनं सोन्याच्या तोंडात बोट घालून सगळं बाहेर काढलं आणि त्याला काखेला मारून अनवाणीच फाट्याकडे धावत सुटली, मी तिच्या मागोमाग. एसटीत ती मला एकच विचारत राहिली, "गिळलं का गं त्यानं? तू बघितलंस का?"

दवाखान्यात त्याला ठेवून घेतलं. तो वाचला.

त्यानंतरही काकू पाला आणायची, फक्त लांब नदीकाठचा. दुसरं होतंच काय? पण आधी स्वतः खायची आणि आम्हाला थांबवून ठेवायची. सोन्या भुकेनं रडायचा. मी तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. हिलाच काही झालं तर, या भीतीनं माझी भूक मरून जायची.

हंगाम संपला, आई आली. सोन्याला उचलताच तिचा चेहरा खुलला. पोरगं चांगलंच भरलंय, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. काकू दाराशीच उभी होती.

"आता तूच भरव बाई त्याला," ती म्हणाली. "मला त्याच्या तोंडात घास घालायचं भ्या वाटायलंय."

आई हसली. दवाखान्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं, तिला ती थट्टाच वाटली.