वसंतकाकांचा कैदी उमराव

काका गेल्याचं मला नागपुरात, माहेरी कळलं. सकाळी सातला संदीपचा, माझ्या नवऱ्याचा, व्हर्जिनियाहून फोन आला. "वसंतकाका गेले गं. झोपेतच." मग म्हणाला, "तुला येता येणार नाही, माहितेय मला. पण सांगायला हवं होतं..." त्याला आता सहा आठवडे झाले. मी अजून नागपुरातच आहे.

२००१ साली लग्न करून मी व्हर्जिनियात हर्नडनला गेले तेव्हा माझ्याकडे इतिहासाची एम.ए.ची पदवी होती आणि नोकरी करायला बंदी होती. नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधून आलेल्या बायकांना तिथे काम करता येत नाही. गाडी येत नव्हती, बसचा पत्ता नव्हता, आणि संदीप सकाळी आठला जायचा. खिडकीतून समोरचं पार्किंग बघत मी वर्ष काढलं. मग रिया झाली. ती जरा मोठी झाल्यावर शेजारच्या घरातले वसंतकाका एकदा दारात येऊन म्हणाले, "इतिहास शिकलीयस म्हणे. देवनागरी अक्षर बरं आहे का?"

काका मूळचे सांगलीचे. चाळीस वर्षं अमेरिकेत भूलतज्ज्ञ, आता निवृत्त, काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. "आयुष्यभर लोकांना झोपवलं," म्हणायचे, "आता एकाला उठवायचंय." हा एक म्हणजे पंधराव्या शतकातला इंग्रज उमराव, सर गिल्बर्ट. तरुणपणी इंग्लंडात शिकत असताना काकांनी एका खेड्यातल्या चर्चमध्ये त्याची दगडी समाधी पाहिली होती. चिलखत घालून आडवा झालेला गिल्बर्ट, शेजारी त्याची बायको. फ्रान्सच्या लढाईत हा पकडला गेला आणि आठ वर्षं शत्रूच्या किल्ल्यात अडकला. काकांना त्याचं चरित्र मराठीत लिहायचं होतं. वाचणार कोण, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

काकांचा हात थरथरायचा, म्हणून ते सांगायचे आणि मी लिहायची. रोज दहा ते बारा. रिया शेजारी खेळायची. काका फार हेकट. एखादा शब्द आवडला नाही की अख्खं पान पुन्हा लिहायला लावायचे. एकदा मी चिडून पेन टाकून घरी गेले, तर अर्ध्या तासात शिऱ्याची वाटी घेऊन दारात हजर. सॉरी बिरी काही नाही. "त्याच पानावर आहोत," एवढंच.

आमच्या घराण्यांचे कुलवृत्तांत असतात तशी काकांनी गिल्बर्टची वंशावळ मांडली होती. जुन्या कागदांत त्याच्या बायकोचं नाव कुठे ॲलिस, कुठे जोन असं यायचं. काकांना त्यात काहीच खटकलं नाही. ॲलिस माहेरचं, जोन सासरचं. मलाही खटकलं नाही, मी माहेरची सुनीता, सासरची स्नेहल. ही ॲलिस आठ वर्षं गढी सांभाळत थांबते आणि तो परत येतो, हे प्रकरण काकांनी इतकं जीव ओतून सांगितलं की लिहिताना माझे डोळे भरून आले होते.

त्याच सुमाराला आईची तब्येत ढासळली. आमचं ग्रीन कार्ड वर्षानुवर्षं लटकलेलं, पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला. एकदा भारतात गेलं की नवा शिक्का मिळेपर्यंत परत यायची सोय नाही, आणि तो किती दिवसांत मिळेल याची खात्री कुणी देईना. रियाची शाळा होती. संदीप म्हणायचा, "थोडं थांब यार. डेट करंट झाली, कार्डाचा नंबर लागला, की तिघं मिळून जाऊ." काकांना विचारलं तर तेही तेच. "थांब. ती आठ वर्षं थांबली, तुला सहा महिने जमणार नाहीत?" मी थांबले. फोनवर आईचा आवाज दर रविवारी बारीक होत गेला आणि मी थांबलेच.

मग लायब्ररीने दुसऱ्या गावाहून मागवलेलं एक जुनं पुस्तक आलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं : ॲलिस कैदेच्या तिसऱ्या वर्षीच वारली. जोन ही दुसरी बायको, सुटून आल्यावर केलेली. समाधीवर झोपलीय ती जोन. मी पुस्तक काकांपुढे उघडून ठेवलं. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. जिच्या धीरावर मी इतके दिवस काढले, तशी बाई कधी नव्हतीच.

काकांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. "म्हणजे तो आला तेव्हा घरात कुणीच नव्हतं..." पुस्तक मिटलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आईच्या वेळी मीही थांबलो होतो. परीक्षा होती. आई थांबली नाही. तू जा. आज तिकीट काढ."

"आणि रिया?"

"मी आहे ना."

आई मला एकोणीस दिवस मिळाली. तिचे केस विंचरले, तिच्याकडून बोलणी खाल्ली, तिचा हात हातात होता तेव्हा ती गेली. हे काकांनी मला दिलं. नंतर मुंबईला अमेरिकन वकिलातीत शिक्क्यासाठी दिलेला पासपोर्ट कसल्याशा तपासणीत अडकला, तो अजून तिथेच आहे. इतके दिवस मी स्वतःला ॲलिस समजत होते. आता वाट बघणारी सहा वर्षांची आहे आणि किल्ल्यात मी आहे.

काका शब्दाला जागले. मी निघाल्यापासून रोज तीन वाजता घडीची खुर्ची घेऊन शाळेची बस थांबते तिथे जाऊन बसायचे. बसमधून उतरताना पोरीला कुणीतरी आपल्यासाठी बसलेलं दिसायला हवं, म्हणून. पुढे रोज खुर्चीची ने-आण झेपेना, तेव्हा ती तिथेच झाडाला टेकवून ठेवायला लागले.

काल संदीप सांगत होता, आता थंडी पडेल म्हणून तो ती खुर्ची आत आणायला गेला, तर रियाने आणू दिली नाही. मी तिला फोनवर विचारलं, "का गं? काका तर आता येणार नाहीत."

"आय नो," ती म्हणाली. "बट यू विल नीड इट, आई."