मागाचा खड्डा

ते आमच्या कार्यालयात शिरले की आधी माणसांकडे पाहत नसत, छताकडे पाहत. मग ज्या पंख्याखाली कोणी बसलेलं नसेल त्याचं बटण शोधून बंद करत आणि म्हणत, "कोनासाठी फिरून राहिला जी हा? वाया जाऊन राहिलं ना!"

पंखे आमचे, बटणं आमची, वीजबिलही आमचं. पण त्यांना कोणी अडवलं नाही. एकदा मोठे साहेब टेबलाखाली पडलेलं पेन शोधायला वाकले होते, तेवढ्यात यांनी त्यांचा पंखा बंद केला. मे महिना. साहेब घामाघूम होऊन वर आले, तर हे हात जोडून उभे. "दिसले नाही जी तुम्ही. मले वाटलं खुर्ची रिकामी आहे."

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. समोर असला की त्याचा कंटाळा येतो, आणि तो गेला की त्याच्याविषयी सांगावंसं वाटतं.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका लहान नगरपरिषदेत कंत्राटावर आहे. आमच्या घरातली पहिली पदवीधर. बाप मोहाडीकडच्या खेड्यात धान लावतो, आई अजून रोवण्याला जाते, आणि मी पंख्याखाली खुर्चीवर बसते. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण खुर्चीवर बसूनही माणूस किती थकतो, हे खुर्ची मिळाल्यावरच कळलं.

माझ्याकडे सुटीचं टेबल होतं. सुटी म्हणजे रजा नव्हे. ज्यांनी छताचं पाणी जमिनीत मुरवायची सोय केली, किंवा पाणी तापवायला छतावर सौर बंब बसवला, त्यांना घरपट्टीत थोडी सूट. मी अर्ज घ्यायचे, घरी जाऊन पाहायचे, फोटो काढून मोबाइलवरून चढवायचे. लोक येत, सूट किती ते विचारत, आणि एवढीच का म्हणून निघून जात. दिवसभर तेच बोलून माझा घसा सुकायचा.

पंखे बंद करणाऱ्या या काकाजींनी मात्र माझ्याकडचं पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"हे बंबाचं काही समजलं नाही माय. मे महिन्यात आपल्या नळाचंच पानी चटके देते. ते अजून तापवाचं कायले?"

"थंडीत लागते ना काकाजी."

"मंग थंडीत पाहू." त्यांनी पत्रकाची घडी केली. "पन ते पानी मुरवाचं मी केलं आहे. येऊन पाह्य."

त्यांचं घर कोष्ट्यांच्या गल्लीत. तीन पिढ्या कोशाच्या रेशमाचं लुगडं विणलेलं घर. मागच्या अंगणात टिनाच्या छपराखाली त्यांचा माग होता. हा माग जमिनीत बसवलेला असतो. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि तिथल्या पावड्या दाबत वर हातांनी धोटा फेकतो. काकाजींचा माग कधीचाच बंद पडला होता. लाकडं सोडवून त्यांनी छपराच्या आढ्याला बांधून ठेवली होती. खड्डा तेवढा उरला होता.

तोच खड्डा त्यांनी पुरुषभर खाली खोदला, त्यात दगड, वर गिट्टी, वर रेती टाकली, आणि घराच्या छतावरच्या कवेलूंचं पाणी पन्हाळीतून आणि पाइपातून त्यात आणून सोडलं. काम इतकं नेटकं होतं की आमच्या अभियंत्यानंही तसं केलं नसतं. वरचा गुडघाभर भाग मोकळा ठेवला होता. का, ते मला लगेच दिसलं. बोलता बोलता ते काठावर बसले आणि पाय आत सोडले. रेतीवर त्यांचे तळवे आळीपाळीने दबत होते, डावा, उजवा, डावा.

"आमच्या बापाचे पाय याच खड्ड्यात गेले, माहे बी," ते म्हणाले. "मोकळा पडला होता, वाया जाऊन राहिला होता. आता पाहा, गल्लीच्या विहिरीले दोन हात दोर कमी लागते."

"दोर ताणून लांब झाला, म्हणून कमी लागते," काकू दारातून म्हणाल्या. "खड्ड्यानं काही नाही झालं."

"हे अशी आहे," काकाजी मला म्हणाले, आणि खूश दिसले.

आता अडचण आली ती नियमाची. खड्डा उघड्यावर पाहिजे, छपराखाली चालत नाही. मी त्यांना समजावलं, "काकाजी, हा आतला खड्डा मंजूर नाही होणार. उघड्यावर पाहिजे." मला म्हणायचं होतं, अंगणात दुसरा खोदा.

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. त्यांना सुटीचं काहीच नव्हतं. पोरगा नागपूरला कंपनीत होता. तो दर रविवारी फोनवर म्हणायचा, बाबा, तो खड्डा बुजवून टाकू, तिथं फरशी बसवू, खोली काढू. "माहं ऐकत नाही तो. पन सरकारी शिक्क्याले भेते. शिक्का लागला का तो हात नाही लावनार." म्हणजे माझ्या टेबलावरच्या त्या कागदावर त्यांचा खड्डा राहणार की जाणार, हे ठरणार होतं.

आठ दिवसांनी ते पुन्हा आले. एक पंखा बंद केला आणि म्हणाले, "चाल माय. झालं उघड्यावर."

मी गेले. त्यांनी दुसरा खड्डा खोदला नव्हता. छप्परच काढलं होतं. टिनाचे पत्रे भिंतीला लावलेले, बांबू एका कोपऱ्यात, आणि मधोमध तो खड्डा भर उन्हात, आकाशाखाली.

"काकाजी, हे काय केलं?"

"तूच म्हनली ना, उघड्यावर पाहिजे म्हनून."

"अन् मागाची लाकडं माह्या सैपाकघरात आणून टाकली," काकू म्हणाल्या. "चुलीपाशी बसाले जागा नाही. विचारा तुमच्या काकाजीले, भाकर कुठं थापू?"

मला हसू आलं आणि लाजही वाटली. सत्तरीच्या माणसानं माझ्या अर्धवट वाक्यावर शिडी लावून पत्रे उतरवले होते. मी फोटो काढला. अभियंता साहेबांनी तो पाहिला, कपाळाला आठी घातली आणि म्हणाले, "उघड्यावर आहे, म्हणजे नियमात आहे. करा मंजूर."

मंजुरीचा कागद घ्यायला ते धुतलेला सदरा घालून आले. त्या दिवशी टेबलासमोर रांग होती, सर्व्हर बंद होता, एक बाई आमचा नळ कधी सुटते म्हणून माझ्यावर ओरडत होती, जसं काही टाकीची चावी माझ्याच पर्समध्ये आहे. काकाजींनी शिक्क्यावर बोट ठेवलं.

"आता हे कोनी बुजवू शकत नाही ना?"

खरं उत्तर मला माहीत होतं. कोणीही बुजवू शकत होतं. खड्डा बुजला तर फक्त सूट जाते, बाकी काही होत नाही. मी पदवीधर आहे, खरं तोंडावर बोलते म्हणून आमच्या घरात माझं नाव आहे. पण समजावून सांगायला अर्धा तास लागला असता, आणि माझ्यात तो अर्धा तास नव्हता. म्हणजे दयेनं मी खोटं बोलले, असंही म्हणता येत नाही.

"नाही काकाजी," मी म्हणाले. "शिक्का लागला ना."

त्यांनी तो कागद प्लॅस्टिकमध्ये मढवून घेतला आणि दाराजवळ लावला, येणाऱ्याला पहिला दिसेल असा. पोरगा दिवाळीला आला, कागद वाचला आणि खड्ड्याचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही, असं त्यांनीच मला येऊन सांगितलं. त्यानंतर गल्लीतल्या आणखी चार घरांचे अर्ज तेच भरून घेऊन आले.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. तेव्हा मी गावी होते, धानाची कापणी होती. मला आठ दिवसांनी कळलं.

मंजूर घरांची दरवर्षी फेरतपासणी असते. यंदा उन्हाळा लागताना मी त्या गल्लीत गेले. दाराजवळ कागद होता. मागच्या अंगणात पांढरी फरशी होती, नवी, गुळगुळीत. भिंतीवरून उतरणारा पाइप फरशीला टेकून संपत होता.

"पोरानं केलं?" मी विचारलं.

"पोराले कायले दोष देता?" काकू म्हणाल्या. "मीच सांगितलं. मोतीबिंदूनं दिसत नाही. सांजच्याला पाय गेला होता त्यात, थोडक्यात वाचली. घरात एकटी मानूस. तुमच्या काकाजीले त्या खड्ड्यात पाय सोडून बसाचं होतं, मले त्यात पडाचं नाही."

मी मान हलवली. त्यांनी मला पाणी आणून दिलं, भिंतीला हात लावत लावत, आणि समोर बसल्या.

"तुम्हीच म्हनलं होतं ना त्याले, शिक्का लागला का कोनी हात लावत नाही?"

मी ग्लास खाली ठेवला. "हो."

"मले तवाच माहीत होतं, असं काही राहत नाही म्हनून. घर आमचं, खड्डा आमचा." त्या जराशा हसल्या. "पन बरं केलं. दोन पावसाळे निवांत बसला तो तिथं."

मी मोबाइल काढला आणि रिकाम्या फरशीचा फोटो घेतला. पडद्यावर प्रश्न आला: रचना अस्तित्वात आहे का? नाही. मग कारणांची यादी आली: नादुरुस्ती, नवीन बांधकाम, मालकाची इच्छा, इतर.

काकू विचारत होत्या, चहा ठेवू का. मी 'इतर'वर बोट ठेवलं. खाली तपशिलासाठी एक चौकट उघडली. ती मी तशीच कोरी पाठवली, आणि म्हणाले, "ठेवा."