विंझरहून भोरला गेलेली पत्रिका

लग्नाच्या पत्रिका आणि दुकानांच्या पाट्या मी विंझरला घरीच डिझाईन करते. छापणारे प्रेसवाले भोरला. पहिल्या वर्षी प्रत्येक काम पेन ड्राइव्हमध्ये घालून एसटीनं न्यावं लागायचं, आणि एखादी वेलांटी चुकली की दुसऱ्या दिवशी परत तीच वाट. तुळशीची लग्नं लागली की पत्रिकांची घाई, आणि नेमकी तेव्हाच घरात भाताची झोडणी.

कॉम्प्युटर माझ्या नणंदेनं दिलेला. वन्सं भोरला एका ऑफिसात असतात. त्यांचं जुनं मशीन फार रेंगाळायला लागलं, तेव्हा त्यांनी त्यावरची नेहमीची सिस्टीम काढून लिनक्स ही दुसरी सिस्टीम टाकली आणि ते मला दिलं. म्हणाल्या, "हे फुकट आहे, जुन्या मशीनवरही पळतं. फक्त तुला थोडं वाचावं लागेल."

मी वाचत गेले. डिझाईन जमायला लागलं. फाईल पाठवणं तेवढं जमेना.

प्रेसवाले म्हणाले, "ताई, क्लाउडवर टाकत जा. तुमच्या फोल्डरात ठेवलं की माझ्याकडं दिसतं." ब्राउझरमधून टाकून पाहिलं. आमच्याकडं रेंज मध्येच जाते; ती गेली की मोठी फाईल पुन्हा पहिल्यापासून. हे टाळायचं तर मशीनवर क्लाउडचं अ‍ॅप बसवावं लागतं. ते रेंज आल्यावर फक्त उरलेलं पाठवतं. पण आमच्या क्लाउडवाल्यांच्या पानावर लिनक्ससाठी अ‍ॅपच नव्हतं.

"ते फुकटातलं काढून टाका हो," प्रेसवाले फोनवर म्हणाले. "नेहमीचं बसवून घ्या."

मला ते लागलं. वन्संनी विश्वासानं दिलेलं होतं, आणि माझा हात त्यावर बसला होता. शोधता शोधता कळलं, की लोकांनीच लिनक्ससाठी एक अ‍ॅप लिहून खुलं करून ठेवलंय आणि ते आमच्या खात्याला चालतं.

एका दुपारी जेवणं उरकून बसले. कॉम्प्युटरला नेट मोबाईलवरूनच मिळतं, म्हणून तो खिडकीत ठेवला, तिथंच काय ती रेंज. सासरे पडवीत सुतळी वळत होते. त्यांना मी मामा म्हणते. काळ्या पडद्यावर अ‍ॅप बसवायची आज्ञा टाईप केली, तर मशीननं नकार दिला.

"काय म्हंतंय?" मामांनी विचारलं.

"परवानगी नाही म्हणतंय."

"मशीन तुझं, आन् तुलाच परवानगी न्हाई? ह्ये लई झालं."

मला हसू आलं. मग लक्षात आलं, आज्ञेच्या आधी 'मी मालक आहे' असं सांगणारा शब्द लावायचा राहिला होता. तो लावला, पासवर्ड दिला. अक्षरं भराभर वर सरकत गेली आणि मध्येच थांबली. रेंज गेली होती. मामा उठले, मोबाईल उचलून अंगणात गेले आणि हात वर करून उभे राहिले. "आलं का गं?"

"आलं मामा! हलू नका!"

ते खरंच हलले नाहीत. अ‍ॅप बसलं, खातं जोडलं गेलं आणि पडद्यावर एक रिकामा फोल्डर उघडला. त्यात मार्गासनीच्या एका लग्नाची पत्रिका टाकली. बाजूला बारकी हिरवी खूण उमटली. मी प्रेसवाल्यांना फोन लावला.

"आली की!" ते म्हणाले. "कुणाकडून करून घेतलंत?"

"मीच केलं," मी म्हणाले. आणि फोन ठेवायच्या आधीच दुसरी पत्रिका फोल्डरात टाकली.

मामांनी ही बातमी आठवड्याच्या आत वेल्ह्यापर्यंत पोचवली. तहसीलला कामासाठी गेले, तिथंही सांगून आले. त्यातूनच मार्गासनीच्या शाळेतल्या बाईंचा फोन आला. शाळेतही लिनक्सच होतं आणि मुलांची चित्रं, फोटो क्लाउडवर ठेवायचे होते. मामा म्हणाले, "म्या बी येतो."

शाळेत मी काम करत होते आणि मामा बाकावर टोपी सारखी करून बसले होते. बाईंनी कौतुकानं विचारलं, "कुठं शिकलात हे?"

मी तोंड उघडायच्या आत मामाच म्हणाले, "घरीच की. आमच्या सूनबाईला कुणी शिकवाया लागत न्हाई, बाई. ती वाचती."

मी मान खाली घालून पासवर्ड टाकत राहिले. तो दोनदा चुकला.